डिस्क भरली म्हणून डेटाबेस आवळायला जाऊ नका: या चुका टाळा

संत्र्याचा हंगाम लागला की नागपूरच्या कळमना बाजारात आवक वाढते, आणि अडतीचा हिशोब सांभाळणाऱ्या सर्व्हरवर नोंदीही. मग एक दिवस डिस्क ९० टक्के भरल्याचा इशारा येतो. घाईघाईने कोणी जुन्या वर्षांच्या नोंदी डिलीट करतो, पण आकडा जागचा हलत नाही.

हलणारही नाही. पोस्टग्रेस (PostgreSQL) या डेटाबेसमध्ये डिलीट केलेली ओळ फाइलमध्येच मृत म्हणून पडून राहते. व्हॅक्यूम (मृत ओळींची सफाई) ती जागा त्याच टेबलाच्या नव्या नोंदींसाठी मोकळी करतो, डिस्कला मात्र सहसा परत देत नाही. गोदामातले रिकामे कॅरेट समजा. पुढच्या हंगामात ते पुन्हा भरणारच असतील, तर आज ते काढून टाकण्यात काय हशील?

हे न कळल्यामुळे भर दिवसा व्हॅक्यूम फुल चालवलं जातं, आणि ही सगळ्यात महागडी चूक. ही आज्ञा टेबलाची नवी प्रत लिहिते. १२० जीबीच्या टेबलात ९० जीबी जिवंत डेटा असेल, तर तितकी जागा आणि वर इंडेक्सची (नोंदी पटकन शोधायच्या सूचीची) जागा आधी मोकळी हवी. डिस्कवर ३० जीबीच उरले असतील तर काम अर्ध्यात कोसळतं. शिवाय ते चालू असेपर्यंत साधं सिलेक्टसुद्धा रांगेत थांबतं, म्हणजे बिलं बंद. जागा परत हवीच असेल तर पीजी_रिपॅक हे जोडसाधन बरं: ते टेबल अडवणारं मोठं लॉक फक्त सुरुवातीला आणि शेवटी थोडा वेळ घेतं. मात्र प्रतीपुरती जागा त्यालाही लागते, आणि टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) किंवा कधीच रिकामी (नल) नसलेली युनिक की हवी.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांची हीच चूक श्रिंक, म्हणजे फाइल आवळणाऱ्या आज्ञेच्या रूपात असते. श्रिंक फाइलच्या शेवटची पानं उचलून पुढच्या रिकाम्या जागांत कोंबतो, त्यामुळे इंडेक्सचा क्रम विस्कटतो. तो सावरायला रिबिल्ड करा, की फाइल पुन्हा फुगते. रोजच्या जॉबमध्ये श्रिंक असेल तर आजच काढा.

मृत ओळी साचतात का, ते पाहा. ऑटोव्हॅक्यूमचा (आपोआप चालणाऱ्या व्हॅक्यूमचा) मूळ स्केल फॅक्टर, म्हणजे टेबलाचा किती हिस्सा मेल्यावर सफाई सुरू करायची ते प्रमाण, ०.२ असतो, म्हणून ५ कोटी ओळींच्या टेबलात ऑटोव्हॅक्यूम साधारण १ कोटी ओळी मेल्यावर जागा होतो. अशा टेबलापुरता स्केल फॅक्टर ०.०२ करा, सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. तरीही मृत ओळींचा आकडा उतरत नसेल तर चालू कनेक्शन दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' शोधा. एक ट्रान्झॅक्शन (व्यवहार) पूर्ण न होता उघडंच राहिलं असेल, तर त्यानंतर मेलेल्या ओळींना व्हॅक्यूम हात लावू शकत नाही.

पीजी_वॉल, म्हणजे बदलांच्या लॉगचं फोल्डर फुगलं म्हणून त्यातल्या फाइली हाताने उडवू नका. क्रॅश झाल्यावर डेटाबेस त्यांच्यावरच उभा राहतो. त्या का साचल्या ते बघा: बंद पडलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारी खूण, तसाच राहिलाय, की लॉगची प्रत बाजूला ठेवणारी आर्काइव्ह कमांड नापास होतेय? आवृत्ती १३ पासून स्लॉटसाठी जास्तीत जास्त किती लॉग राखायचा ते मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइजने ठरवता येतं. त्याची मर्यादा ओलांडली की मागे पडलेला रेप्लिका नव्याने बांधावा लागेल, हे धरून चाला.

न वापरलेले इंडेक्स काढणं चांगलंच, पण आयडीएक्स_स्कॅन (इंडेक्स किती वेळा वापरला तो आकडा) शून्य दिसला म्हणून लगेच ड्रॉप नको. आकडे कधी रीसेट झाले होते ते तपासा. रेप्लिकावरचे आकडे वेगळे असतात, महिनाअखेरचे अहवाल कदाचित तिथेच चालत असतील. युनिक इंडेक्स तर वाचला गेला नाही तरी दुहेरी नोंद अडवत असतो.

जुना डेटा दरवर्षी काढायचाच असेल, तर टेबल आधीच महिन्यानुसार पार्टिशन करा, म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांत वाटा. कोट्यवधी ओळी डिलीट करण्याऐवजी जुनं पार्टिशन बॅकअप घेऊन ड्रॉप केलं, की त्याच्या फाइलीच जातात: जागा डिस्कला परत, मृत ओळी शून्य. फक्त प्रायमरी कीमध्ये तारखेचा कॉलम घ्यावा लागतो. तेव्हा बिल क्रमांक एकटाच की असेल तर ही मांडणी आधी बदला.