पगार अर्धा आला तर घरखर्च कसा आवळायचा

यंत्रमाग आठवड्यातले तीनच दिवस चालायला लागले किंवा विडी कारखान्यातून पान-तंबाखू कमी मिळायला लागली, की सोलापुरात पहिली कात्री दुधाला आणि भाजीला लागते. तिथे हात घालू नका. त्यातून सुटतात पाच-सातशे रुपये, आणि ते दवाखान्याच्या एका फेरीत जातात. आधी वही घ्या.

मागच्या महिन्याचा खर्च तीन ठिकाणी सापडतो: पासबुक, मोबाईलवरची पेमेंटची यादी आणि किराणा दुकानातली उधारीची वही. तीन रकाने पाडा. थांबवला तर दंड किंवा नुकसान होईल असा खर्च पहिल्यात (भाडं, हप्ता, लाइट बिल, फी, बीपी-शुगरच्या गोळ्या), कमी होऊ शकेल तो दुसऱ्यात, सरळ बंद करता येईल तो तिसऱ्यात. मोबाईलवरून दिलेल्या पन्नास रुपयांच्या आतल्या रकमांची बेरीज वेगळी करा. रोजचे ४० रुपये म्हणजे महिन्याचे १,२००, आणि हे पैसे कुठे गेले ते घरात कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या रकान्याचे पैसे बाजूला काढून उरलेल्याला ३० नी भागा. ६,००० उरले तर रोजचे २००. त्याची पाच पाकिटं करा: चार १,४०० ची आणि शेवटच्या दोन दिवसांचं ४०० चं. बहुतेक जण १,५०० ची चार पाकिटं करतात आणि २९ तारखेला शेजारी हात पसरतात. पाकिटात नोटाच ठेवा. मोबाईलवरून खर्च केला की पाकीट जाड दिसतं आणि हिशोब बुडतो.

हप्ता भरता येणार नाही असं दिसलं तर तारखेच्या आधी बँकेत जाऊन बोला. तारीख उलटली की कर्ज देणारी बँक दंड लावते आणि ज्या खात्यातून हप्ता कापला जातो ती बँकही लावते. क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरून स्वस्थ बसू नका, उरलेल्या रकमेवर वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं. सावकाराचं महिना पाच टक्के ऐकायला बरं वाटतं, पण ते वर्षाला साठ होतं. अगदीच अडलं तर सोनं बँकेत गहाण ठेवा.

रेशन कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटातलं असेल तर धान्य फुकट आहे, प्राधान्य गटात माणशी महिन्याला ५ किलो. कार्डावरच्या सगळ्यांचं ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झालंय का ते आजच बघा.

आता स्वयंपाकघर. आपल्याकडे स्वस्त आणि पोटभर जेवण आधीपासूनच आहे: ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, कांदा, वाटीभर दही, आणि आलटून पालटून मटकी, हुलगे किंवा वरण. १ किलो पिठाच्या मध्यम १० ते १२ भाकरी होतात, म्हणजे रोज दहा भाकरी लागणाऱ्या घराला महिन्याला २७-२८ किलो ज्वारी पुरते. दळण मात्र आठवड्याचंच आणा. पीठ जुनं झालं की चिकटपणा जातो आणि थापताना भाकरीच्या कडा चिरतात. तसं झालं तर उकळतं पाणी घालून मळा. वेळ असेल तर कडक भाकरी एकदाच करून ठेवा. पूर्ण वाळलेली भाकरी कोरड्या डब्यात बरेच दिवस टिकते. मऊ राहिली तर बुरशी धरते.

शेंगाचटणीला २५० ग्रॅम शेंगदाणे, दोन मोठे चमचे तिखट, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ. दाणे मंद आचेवर भाजा आणि गार झाल्यावरच कुटा. मिक्सर सलग फिरवला तर लगदा होतो, थांबत थांबत फिरवा. एका वेळी यापेक्षा जास्त करू नका, उन्हाळ्यात भाजलेले दाणे लवकर खवट होतात.

तूरडाळ अर्धा तास, मटकी-हुलगे रात्रभर भिजवा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा, मोठ्या आचेवर नुसती वाफ वाया जाते. कुकरच्या कडेने वाफ निघत असेल तर गॅस्केट बदला. भांड्याची बुडं काळी होत असतील तर बर्नरची भोकं तुंबलीत, ती पिनेने साफ करा. सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, म्हणजे १४.२ किलो किती दिवस पुरतं ते कळेल.

विजेचा दर १०० युनिटच्या वर चढतो, म्हणून दर रविवारी मीटर वाचा. जुना ७५ वॉटचा पंखा रोज १२ तास चालला तर महिन्याला २७ युनिट खातो, २८ वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा १०. तंगीत नवा पंखा घ्यायला कुणी सांगणार नाही, पण जुना जळाला तर हाच घ्या. दोन हजार वॉटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर तो बंदच ठेवा, दुपारी टाकीतलं पाणी हाताला चटके देतं.

पाण्याच्या बाबतीत एक खोड मोडायला हवी. चार-पाच दिवसांआड नळ आला की साठवलेलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतलं जातं आणि शेवटी टँकर मागवावा लागतो. झाकलेलं पाणी दोन-चार दिवसांत खराब होत नाही. ते कपडे, फरशी आणि कूलरला वापरा. पण आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायलाच हवं, नुसतं ओतून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात.

पगार पूर्ववत झाला की आधी जास्त व्याजाचं देणं, मग किराण्याची उधारी, आणि त्यानंतरच साठवण. नवी ज्वारी बाजारात आली, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, की एकदम पोतं घ्या. एकट्याला जड गेलं तर शेजाऱ्याबरोबर अर्धं-अर्धं. दोन उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरा. गरम दाणे भरले की आत दमटपणा धरतो आणि पावसाळ्याआधीच किडे पडतात.