मॉन्सल ट्रेल : व्हीलचेअर असेल तर सुरुवात कुठून?

इंग्लंडमध्ये राहता, गावाकडून आई-बाबा आलेत आणि सोबत व्हीलचेअर आहे? मग डर्बीशरमधला मॉन्सल ट्रेल बघाच. 1968 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची ही सुमारे 13.5 किलोमीटरची वाट रुंद आहे आणि पृष्ठभाग दाबून पक्का केलेला. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे इथेही चढ जेमतेम जाणवतो.

पण जाणवतो! बेकवेल गावाकडून मिलर्स डेल या जुन्या स्टेशनाकडे जाताना वाट हळूहळू चढत जाते. खुर्ची हाताने ढकलायची असेल तर बेकवेल किंवा हॅसॉपच्या जुन्या स्टेशनपासून निघा, म्हणजे दमल्यावर परतीला उतार मिळतो. दरीच्या वर असलेल्या मॉन्सल हेडला मात्र गाडी लावून ट्रेलवर उतरायला जाऊ नका. फोटो सगळे तिथलेच असतात, देखावाही झकास आहे, पण तिथून खाली ट्रेलवरच्या जुन्या रेल्वेपुलापर्यंतची वाट उभ्या उताराची आणि पायऱ्यांची. तोच पूल हॅसॉपकडून हेडस्टोन बोगद्यातून सपाटीने गाठता येतो.

हा बोगदा जवळपास 490 मीटर लांब आहे. 2011 पासून ट्रेलवरचे असे जुने रेल्वे बोगदे लोकांसाठी खुले झालेत. आत दिवे असतात, पण फक्त दिवसा. म्हणून संध्याकाळ व्हायच्या आत परता आणि विजेरी जवळ ठेवा. छतातून पाणी ठिबकतं, गारठाही असतो, तेव्हा ऐन उन्हाळ्यातही मांडीवर शाल हवी. सायकलवाले मागून सुसाट येतात. डावीकडे राहा.