स्टँडवर पोलिसांनी बॅग उघडायला सांगितली तर

सांगली स्टँडला किंवा मिरज जंक्शनला पोलिसांनी ओळखपत्र मागितलं तर गडबडून जाऊ नका, ओरिजिनल आधार घेऊन फिरायचीही गरज नाही, डिजीलॉकरमधलं रेल्वेत चालतं, फक्त घरून निघतानाच उघडून बघा कारण ऐनवेळी ओटीपी येत नाही. बॅगेची चेन स्वतः उघडा, सामान डोळ्यासमोर काढू द्या. बाईची अंगझडती बाईच घेऊ शकते, हे घरातल्या पोरींना आजच सांगून ठेवा, "महिला पोलीस बोलवा, मी थांबते" एवढं स्पष्ट म्हणायचं. काही जप्त केलं तर यादीची कॉपी घेतल्याशिवाय हलू नका. आणि इलेक्शनच्या आचारसंहितेत बेदाण्याचे नाहीतर हळदीचे ५०,००० च्या वर रोख नेत असाल तर अडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, खिशात पाहिजेच.