गावाच्या पाण्याचे चक्र कागदावर कसे मांडावे

गावात पाणी कमी पडू लागले की पहिला प्रश्न बहुधा ‘पाणी कोठून आणायचे?’ असा निघतो आणि त्याची उत्तरेही ठरलेली असतात: नाला खोल करा, बंधारा बांधा, शेततळे घ्या. ही कामे वाईट नाहीत. परंतु अडवलेले पाणी पुढे कोणाच्या मोटारीतून कोणत्या पिकाला जाते, याचा माग घेतला नाही तर काही वर्षांत टँकर पुन्हा त्याच पारापाशी येऊन उभा राहतो. हा माग कसा काढावा, हे अहिल्यानगर-जालना पट्ट्यातील एखादे अवर्षणप्रवण गाव डोळ्यांसमोर ठेवून येथे सांगितले आहे.

आधी हद्द ठरवावी. ग्रामपंचायतीची शीव आणि पाणलोटाची शीव क्वचितच जुळतात, म्हणून नकाशा पाणलोटाचा घ्यावा आणि वरच्या अंगाचे गाव व खालच्या अंगाचे गाव त्यावर नावानिशी दाखवावे. मग साठा समजून घ्यावा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा पाषाण आहे. पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. ही साठवण उथळ आणि तोकडी असल्याने ती चांगल्या पावसात लवकर भरते आणि उपसा वाढला की तितक्याच लवकर रिकामी होते. बोअर कितीही खोल नेले तरी भेगा मोजक्याच असतात, आणि बऱ्याचदा खोल बोअरला लागलेले पाणी शेजारच्या विहिरीचेच असते.

आकडेमोड अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. म्हणजे १,००० हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर ४०० कोटी लिटर पाणी पडले. त्यातील मोठा भाग बाष्पीभवनात आणि खरिपाच्या पिकांत जातो, काही ओढ्याने वाहून जातो आणि थोडाच जमिनीत मुरतो. मुरलेले पाणी किती, हे अंदाजाने लिहिण्यापेक्षा गावातील दहा-बारा विहिरी निवडून त्यांची पातळी दर महिन्याला मोजावी. सुतळीला दगड बांधून तो तळापर्यंत सोडावा, काठापाशी सुतळीला गाठ मारावी आणि वर काढल्यावर गाठीपासून ओल्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजून वहीत लिहावे. मोजणी पहाटे, मोटारी सुरू होण्यापूर्वी करावी. रात्रपाळीची वीज असेल तर रात्रभर मोटार चाललेली विहीर त्या दिवशी सोडून द्यावी.

आता मुख्य काम. मोठ्या कागदाच्या मध्यभागी ‘विहिरीची पातळी’ असे लिहावे आणि तिच्यावर परिणाम करणाऱ्या व तिच्यामुळे बदलणाऱ्या गोष्टी भोवती मांडून बाण काढावेत. एक वाढल्यावर दुसरी वाढत असेल तर बाणावर अधिक, दुसरी घटत असेल तर उणे अशी खूण करावी. लिहायच्या त्या गोष्टी कमी-जास्त होऊ शकतील अशा असाव्यात: ‘बागायतीचे क्षेत्र’ चालेल, ‘लोकांची मानसिकता’ चालणार नाही, कारण ती मोजताही येत नाही आणि तिच्या नावावर वाटेल ते खपवता येते. बाण फिरून मूळ जागी आले की चक्र पूर्ण झाले. काही चक्रे स्वतःलाच फुगवत नेतात, तर काही आवर घालतात.

शेततळ्याचे चक्र विशेष काळजीने काढावे. २०१६ साली सुरू झालेल्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत पावसाचे वाहते पाणी अडवून साठवणे अभिप्रेत होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरले जाते. उन्हाळ्याची खात्री झाली की माणूस मोसंबी किंवा डाळिंब लावतो. बाग ज्वारीसारखी एखाद्या वर्षी पडीक ठेवता येत नाही, म्हणून उन्हाळ्याची मागणी कायमची होते. ती भागवण्यासाठी तळे पावसाळा संपताच भरून घेतले जाते, सामाईक पातळी लवकर खाली जाते, शेजाऱ्याची विहीर आटते आणि मग तोही तळे घेतो. भर सभेत हे चित्र काढत असताना एका आजोबांनी काठी चित्रातल्या शेततळ्यावर टेकवून विचारले, “म्हंजे माझ्या इहिरीचं पाणी ह्यांच्या तळ्यात वाळायला ठेवलंय म्हणा की!” त्यांचे म्हणणे हिशेबातही बसते. ३० मीटर लांब-रुंद तळ्यातून दिवसाला ६ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तर १२० दिवसांत साधारण साडेसहा लाख लिटर पाणी हवेत जाते. जमिनीखाली असताना त्यातले फारच थोडे उडाले असते.

ठिबकचेही तसेच. वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवले गेले तर उपसा कमी होत नाही, आणि पाटाने दिलेल्या पाण्यातून जे थोडे मुरून परत विहिरीत येत असे तेही थांबते. दुसऱ्या बाजूला, उपशाला नैसर्गिक आवर घालणारे विजेचे बिलही पुसट झाले आहे, कारण २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता. तरीही कागदावरचा तो बाण खोडावा लागतो, हे मान्य केले पाहिजे.

परिणाम जेथे उशिराने दिसतो तेथे बाणावर दोन आडव्या रेघा माराव्यात. लावलेल्या बागेची पूर्ण तहान काही वर्षांनी कळते, आणि मधल्या दोन चांगल्या पावसाळ्यांत सर्वांनाच आपला निर्णय बरोबर वाटतो. चित्र खरे उतरले की नाही, हे जुन्या वर्षांवर तपासावे. २०१२-१३ मध्ये जालन्याकडे मोसंबीच्या बागा का वाळल्या, याचे उत्तर तुमच्या बाणांतून निघत नसेल तर एखादा बाण राहिला आहे.

उपाय ठरवताना प्रत्येक सूचना चित्रातील नेमक्या कोणत्या बाणावर बोट ठेवते, ते पाहावे. नवा बंधारा फक्त आवक वाढवतो आणि फुगणारे चक्र जसेच्या तसे ठेवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने आवक वाढवलीच, शिवाय सिंचनासाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर बंदी घातली व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. म्हणजे पातळीपासून पीकनिवडीपर्यंत एक नवा बाण काढला, जो आधी नव्हता. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने त्याहून मुळाशी हात घातला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीला न जोडता माणशी अर्धा एकर असा ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. मोठी मोटार घेऊन जास्त पाणी मिळवण्याचे कारणच त्यामुळे उरले नाही.

असा नियम लगेच होईल, ही अपेक्षा धरू नये. पहिल्या वर्षी ‘शेततळे विहिरीच्या पाण्याने भरायचे नाही’ एवढा एकच ठराव ग्रामसभेपुढे आणावा, तोही ऑक्टोबरच्या मोजणीची वही समोर ठेवून. आणि ज्यांच्या बागा आधीच उभ्या आहेत त्यांच्यासाठी त्या ठरावात काय तरतूद असेल, ते सभेआधी त्यांच्या ओट्यावर बसून ठरवून घ्यावे.