मधुमेहाची सुरुवात कशी ओळखावी?

सुरुवात रात्रीपासून करा. झोपमोड होऊन लघवीसाठी किती वेळा उठावं लागतं, हे चार-पाच दिवस मोजा. आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. एरवी सलग झोपणारा माणूस दोन-तीनदा उठू लागला, तर दखल घ्यायलाच हवी. रक्तातली साखर साधारण १८० मि.ग्रॅ./डे.लि.च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून घशाला कोरड पडते, तहान भागत नाही. पुष्कळजण याचा उलटा अर्थ लावतात, "पाणी जास्त पितो म्हणून जावं लागतं," आणि पाणी तोडतात. तसं करू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, प्रोस्टेटची वाढ किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळेही लघवीला वारंवार जावं लागतं. पण ते ठरवायचं तपासणीनंतर.

मग वजनाकडे पाहा. जेवण नेहमीसारखं, उलट भूक वाढलेली, आणि तरी कपडे सैल होत असतील तर खूश होण्याआधी साखर तपासा. साखर रक्तात असून पेशींना वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळू लागतं. थकवाही त्यातलाच.

डोळ्यांकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. साखर वर-खाली झाली की डोळ्यातल्या भिंगाचा आकार किंचित बदलतो आणि कधी स्पष्ट, कधी धूसर दिसतं. चष्म्याचा नंबर अचानक बदलला, तर नवी काच घेण्याआधी रक्त तपासून घ्या, नाहीतर साखर आटोक्यात आल्यावर तो चष्मा पुन्हा चुकीचा ठरेल.

आंघोळीच्या वेळी त्वचा पाहा. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाडसर काळपटपणा आला असेल तर तो मळ नाही. घासून जाणार नाही. साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. जांघेत किंवा जननेंद्रियांच्या जागी वारंवार खाज, बरी व्हायला वेळ लावणारी जखम, पायांना मुंग्या, हेही डॉक्टरांना सांगा.

खरी अडचण अशी की मोठ्यांमध्ये सर्रास आढळणारा टाइप २ मधुमेह कित्येकदा वर्षानुवर्षं काहीच जाणवू देत नाही. आई-वडिलांना किंवा भावंडांना मधुमेह असेल, पोट सुटलं असेल किंवा गरोदरपणी साखर वाढली होती, तर लक्षणांची वाट पाहू नका. आठ तास उपाशी राहून (पाणी चालतं) तपासणीसाठी रक्त द्या. साखर १०० ते १२५ मि.ग्रॅ./डे.लि. म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीएवनसी ही चाचणी दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी सांगते, तिथे ५.७ ते ६.४ टक्के ही मधली पायरी, ६.५ पासून मधुमेह. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो. लक्षणं नसताना एकच अहवाल वाढीव आला, तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. घरचं ग्लुकोमीटर अंदाजाला ठीक, निदानाला नाही.

मुलांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यात जास्त आढळणारा टाइप १ मधुमेह काही आठवड्यांतच डोकं वर काढतो. अंथरूण ओलं करणं सुटलेलं मूल पुन्हा तसं करू लागलं, सारखं पाणी मागतंय, रोडावतंय, तर त्याच दिवशी रक्त तपासा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठा.