बेघर म्हाताऱ्या कुत्र्यांच्या संस्थेत जबाबदारी घेण्यापूर्वी

काही काळ कुत्र्यांना फिरवणे, त्यांना दवाखान्यात नेणे-आणणे किंवा एखाद्या कुत्र्याला तात्पुरते घरी सांभाळणे अशी कामे केल्यावर बहुतेक चांगल्या स्वयंसेवकांना एक दिवस विचारणा होते: संस्थेतला एखादा विभाग तुम्ही सांभाळाल का? मी आधी तात्पुरत्या पालकांचा, म्हणजे आम्ही ज्यांना फॉस्टर म्हणतो त्यांचा समन्वय पाहिला आणि नंतर कोणता कुत्रा संस्थेत घ्यायचा या निर्णयाची जबाबदारी घेतली. कुत्र्यांवरचे प्रेम तुमच्याकडे आहेच, म्हणूनच तुम्हाला विचारले गेले आहे. मात्र या पुढच्या टप्प्यावर लागते ती निर्णय घेण्याची तयारी, आणि त्या निर्णयाचा भार कोणा एकाच्या खांद्यावर पडू न देण्याची व्यवस्था. हे लेखन प्रामुख्याने त्या व्यवस्थेविषयी आहे.

म्हातारा कुत्रा कोणाला म्हणायचे, हे आधी स्पष्ट असावे. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कुत्र्याच्या अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चतुर्थांश म्हणजे त्याचे वार्धक्य. त्यामुळे ग्रेट डेनसारखा अवाढव्य कुत्रा सहाव्या वर्षीच म्हातारा ठरतो, तर लहान चणीचा कुत्रा दहाव्या वर्षीही उड्या मारत असतो. असे कुत्रे बेघर होण्याची कारणे बहुतेकदा कुत्र्यात नसतातच. मालकाचा मृत्यू होतो, मालक वृद्धाश्रमात जातो, घर बदलते, किंवा उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर जातो. सर्वसाधारण निवाऱ्यात पिल्ले आणि तरुण कुत्रे आधी निवडले जातात आणि म्हातारा कुत्रा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात पडून राहतो. म्हणूनच केवळ त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये शेरी फ्रँकलिन यांनी 2007 मध्ये स्थापन केलेली मटव्हिल ही त्यांपैकी सर्वांत परिचित म्हणता येईल. 2008 मध्ये सुरू झालेली ग्रे मझल ही संस्था स्वतः कुत्रे न ठेवता अशा कामाला अनुदान देते. मात्र बहुतेक लहान संस्थांना स्वतःची इमारत नसते. त्यांचा निवारा म्हणजे स्वयंसेवकांची घरे. तुम्हीही बहुधा अशाच संस्थेत आहात, असे गृहीत धरून मी पुढे लिहीत आहे.

सर्वांत अवघड काम कुत्रा संस्थेत घेण्याचे असते, म्हणून त्यावर अधिक लिहिते. फोन येतो, पलीकडची व्यक्ती रडत असते किंवा रागावलेली असते, आणि कुत्रा आजच्या आज न्यावा अशी तिची अपेक्षा असते. अशा वेळी तिला दोष देणारा एकही शब्द तोंडातून जाता कामा नये. ते असभ्य तर आहेच, शिवाय दोष दिला की माणूस माहिती लपवतो आणि त्या लपवलेल्या माहितीची किंमत पुढे कुत्रा आणि त्याला सांभाळणारे घर मोजते. कुत्र्याचे वय काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्याहून उपयोगी प्रश्न वेगळे आहेत: तो रात्री किती वेळा उठतो, पाण्याचे भांडे पूर्वीपेक्षा लवकर रिकामे होते का, जिना चढायचे त्याने कधीपासून टाळले, कोणती औषधे चालू आहेत, झोपेत हात लावला तर तो दचकून चावतो का, त्याने कधी कोणाला चावा घेतला आहे का. पाणी पिणे वाढले असेल तर मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा कुशिंगचा आजार (ज्यात शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढते) यांची शक्यता तपासावी लागते. मादीची नसबंदी झालेली नसेल, ती काही आठवड्यांपूर्वी माजावर येऊन गेली असेल, आणि आता ती मलूल होऊन सारखे पाणी पीत असेल, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घेऊन तिला त्याच दिवशी पशुवैद्याकडे पाठवावे. अशा वेळी संस्थेत घेण्याच्या अर्जाची वाट पाहत बसू नये. शेवटी कुत्र्याला कोणत्या नावाने हाक मारतात, तो कुठे झोपतो आणि त्याचे जुने अंथरूण सोबत देता येईल का, हे विचारावे. ऐकू कमी येणाऱ्या आणि नजर मंदावलेल्या प्राण्याला ओळखीच्या वासाचा फार आधार असतो.

अनेकदा या संभाषणातच दिसून येते की मालकाला कुत्रा सोडायचा नसतो. त्याला औषधाचा खर्च झेपत नाही, किंवा चाळीस किलोच्या कुत्र्याला उचलून गाडीत ठेवणे जमत नाही. अशा वेळी औषधांसाठी मदत, मागच्या पायांना आधार देणारा पट्टा किंवा दवाखान्यात नेणारा एक चालक मिळवून दिला, तर कुत्रा स्वतःच्या घरीच राहतो. आमच्या कामात मला याहून मोठे यश माहीत नाही. दुर्दैवाने संस्थेच्या आकडेवारीत ते कुठेच दिसत नाही. तुमच्या हाती अहवाल लिहिण्याचे काम आले तर अशा कुत्र्यांची नोंद वेगळी ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

संस्थेची क्षमता मोजताना रिकाम्या जागा मोजणे पुरेसे नसते. उपलब्ध फॉस्टर घर, त्या घराला मदत करू शकणारा माणूस आणि उपचारांसाठी शिल्लक असलेला निधी, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हाताशी असतील तरच नवा कुत्रा घेता येतो. तिन्हींपैकी एक नसताना कुत्रा घेतला, तर आधीच आमच्याकडे असलेल्या एखाद्या कुत्र्याच्या वाट्याचे काहीतरी काढून घेतले जाते. म्हणूनच नकार देणे या पदावरील माणसाला शिकावे लागते. मात्र नकार एकट्याने देऊ नये. आमच्याकडे प्रत्येक प्रवेशाचा निर्णय दोघे मिळून घेतात, कारणासह लिहून ठेवतात, आणि फोन करणाऱ्याला दुसऱ्या संस्थेचा किंवा प्रतीक्षायादीचा पर्याय स्पष्ट शब्दांत सांगतात. नकाराची रात्र जड जाते, यात शंका नाही. पण दोघांनी मिळून घेतलेला निर्णय सकाळीही योग्य वाटतो, असा माझा अनुभव आहे.

कुत्रा आल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रक्त, लघवी, हृदय, दात आणि सांधे यांची तपासणी व्हायला हवी. नव्या स्वयंसेवकांना वाटते की म्हाताऱ्या कुत्र्यावर फार उपचार करण्यात अर्थ नाही. पण वय हा आजार नाही, हे पशुवैद्य आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. खात नाही, चिडका आहे अशी ज्याची ख्याती असते, त्याच्या तोंडात कित्येकदा सडलेले दात असतात, आणि ते काढल्यावर तोच कुत्रा काही दिवसांत भांडे चाटून पुसून ठेवतो. डोळे निळसर-धुरकट दिसले म्हणजे मोतीबिंदूच असतो असेही नाही. वयाबरोबर डोळ्यातील भिंग घट्ट होत जाते, त्यामुळे तसा रंग येतो आणि त्यात नजर बरीचशी शाबूत राहते. फरक पशुवैद्यच सांगू शकतो, म्हणून आंधळा कुत्रा अशी जाहिरात तपासणीआधी करू नये.

वैद्यकीय विभाग सांभाळणारा स्वयंसेवक पशुवैद्य असण्याची गरज नसते, पण त्याने पशुवैद्याची भूमिका कधीही करू नये. त्याचे काम नोंदी ठेवण्याचे आणि धोक्याच्या सूचना सर्व घरांपर्यंत पोहोचवण्याचे असते. माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात; घरातल्या प्रत्येकाला हे बजावून सांगावे. संधिवातासाठी पशुवैद्याने दिलेल्या गोळ्या चालू असतील तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्यांच्या तारखा चुकू देऊ नयेत. उपासमार झालेला कुत्रा आला तर दयेपोटी त्याच्यापुढे भरलेले ताट ठेवू नये, कारण बराच काळ रिकाम्या राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून प्राण जाऊ शकतो. त्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने थोडे थोडे अन्न अनेक वेळा द्यावे. हृदयाची झडप कमकुवत असलेल्या लहान कुत्र्याचे झोपेतले श्वास मोजायला घरच्यांना शिकवावे. शांत झोपेत मिनिटाला तीसहून अधिक श्वास सातत्याने दिसले तर पशुवैद्याला कळवायचे, एवढा एक नियमही अनेकदा वेळेवर उपचार मिळवून देतो.

फॉस्टर घर निवडताना घरच्यांचे मन आम्ही पाहतोच, पण जमीन आणि जिनाही पाहतो. गुळगुळीत फरशीवर दुखऱ्या मांड्यांचा कुत्रा उठताना घसरतो, एकदा घसरला की तो उठण्याचेच टाळतो, आणि न उठल्याने स्नायू आणखी गळतात. पाण्याच्या भांड्यापासून अंथरुणापर्यंत न घसरणाऱ्या चटयांची एक वाट केली तर त्याच दिवशी फरक दिसतो. पहिल्या संध्याकाळी असा कुत्रा साधारणपणे काय करतो, हे नव्या पालकाला आधीच सांगून ठेवावे. तो दाराजवळ उभा राहतो, भिंतीच्या कडेने फिरतो, पाण्यात तोंड घालतो पण पीत नाही, आणि कोणी बसायला जागा दाखवली तरी बराच वेळ उभाच राहतो. शेवटी पाय थरथरायला लागले की जिथे असेल तिथे तो हळूहळू खाली बसतो, पुढचे पाय आधी पसरून, मागचा भाग जपून टेकवत. त्या वेळी त्याला कुरवाळायला धावू नये. समोरून, त्याला दिसेल अशा बाजूने येऊन अंथरूण जवळ सरकवावे आणि दूर बसावे. बचाव कार्यात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगितला जातो: आधी भेदरलेपण ओसरते, मग दिनक्रम बसतो, मग घर आपले वाटू लागते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत हा हिशेब पुढे-मागे होतो, पण पालकाला धीर देण्यासाठी तो उपयोगी पडतो.

समन्वयकाने दुसऱ्या दिवशी फोन करावा आणि कुत्रा कसा आहे हे विचारण्याआधी पालकाला झोप मिळाली का, हे विचारावे. एका नव्या पालकाने मला या प्रश्नावर सांगितले होते, ‘‘ताई, तो रात्रभर खोलीत गोल गोल फिरत होता, कोपऱ्यात शिरून भिंतीकडे तोंड करून उभा राहत होता, मला वाटले मीच काही चुकीचे केले.’’ दिवस-रात्र उलटसुलट होणे, ओळखीच्या जागी वाट चुकणे, घरात लघवी होणे ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणे असू शकतात, आणि तशीच लक्षणे वेदनेमुळे किंवा लघवीच्या संसर्गामुळेही दिसतात. म्हणून आधी तपासणी झाली, रात्री मंद दिवा ठेवायला सांगितला, आणि आठवड्यातून काही रात्री दुसऱ्या घराने कुत्रा सांभाळण्याची सोय केली. अशी विसाव्याची घरे प्रत्येक समन्वयकाने आधीपासूनच यादीत ठेवावीत. पालक थकून गेल्यावर शोधायला निघाले तर ती मिळत नाहीत.

दत्तक देण्याविषयी थोडक्यात सांगते. जाहिरातीत कणव विकू नये आणि आजार लपवू नये. कुत्र्याला सकाळी कोणते औषध लागते, त्याला काय आवडते, तो किती चालू शकतो, हे साध्या वाक्यांत लिहिले की योग्य माणसे विचारणा करतात. ज्यांचा आजार बरा होणारा नाही त्यांच्यासाठी अनेक संस्था कायमस्वरूपी फॉस्टरची पद्धत वापरतात, ज्यात घर त्या कुटुंबाचे आणि उपचारांचा खर्च संस्थेचा असतो. वृद्ध माणसांना म्हातारे कुत्रे देण्याचे उपक्रमही चांगले चालतात, फक्त त्या व्यक्तीला पुढे सांभाळणे जमले नाही तर कुत्रा संस्थेकडे परत येईल, हे सुरुवातीलाच लेखी असावे.

मृत्यूचा निर्णय हा या जबाबदारीचा गाभा आहे, आणि तो संकट आल्यावर ठरवायला घेऊ नये. कर्करोगतज्ज्ञ पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी 2004 मध्ये मांडलेले जीवनमानाचे मोजमाप आम्ही वापरतो. त्यात वेदना, भूक, शरीरातील पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना शून्य ते दहा गुण दिले जातात, आणि एकूण गुण पस्तीसहून अधिक असतील तर काळजी घेत पुढे जाणे योग्य मानले जाते. पालक आणि वैद्यकीय समन्वयक हे गुण ठरावीक अंतराने स्वतंत्रपणे देतात व नंतर पशुवैद्याबरोबर बसतात. आकड्याने निर्णय होत नाही, पण रोज जवळ असलेल्या माणसाला हळूहळू होणारी घसरण दिसत नाही, ती कागदावर दिसते. दयामरणाच्या वेळी आधी गुंगीचे औषध देतात आणि कुत्रा गाढ झोपल्यावर भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतात, हे पालकाला आधी शांतपणे समजावून सांगावे. त्याला तिथे थांबायचे नसेल तर संस्थेतील ओळखीचा कोणीतरी कुत्र्याजवळ असलाच पाहिजे. त्यानंतर पालकाने स्वतः मागेपर्यंत त्याला दुसरा कुत्रा देऊ नये, मग प्रतीक्षायादी कितीही लांब असो.

पैशांच्या बाबतीत मी कठोर आहे. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, उपचारांसाठी आलेली देणगी फक्त उपचारांवरच खर्च व्हावी, आणि एखाद्या महागड्या शस्त्रक्रियेचा निर्णय भावनेच्या भरात समाजमाध्यमावर जाहीर करण्यापूर्वी समितीत घेतला जावा. हिशेब पाहणारा, गाडी चालवणारा, अर्ज भरणारा माणूसही कुत्रा कुशीत घेऊन झोपणाऱ्याइतकाच या कामाचा आधार आहे. अशा माणसांना शोधून सोबत घेणे हे नेतृत्व करणाऱ्याचे काम असते. दुसऱ्याचे दुःख सतत वाहून येणारा थकवा या क्षेत्रात फार लोकांना गाठतो. फोन उचलावासा न वाटणे, प्रत्येक मालकाचा राग येणे, नवा कुत्रा आला तरी मनात काहीच न हलणे, ही त्याची लक्षणे मी जवळच्या सहकाऱ्यांमध्ये पाहिली आहेत. त्यावर उत्साह वाढवणारी भाषणे उपयोगी पडत नाहीत. ठरलेल्या सुट्ट्या, पदाची ठरलेली मुदत आणि प्रत्येक विभागात काम शिकत असलेला दुसरा माणूस उपयोगी पडतो.

तेव्हा पद स्वीकारण्यापूर्वी काही काळ प्रवेशाचे फोन घेणाऱ्यांच्या शेजारी बसू द्या, अशी विनंती करावी. गेल्या वर्षीचा हिशेब पाहायला मागावा. मी आजारी पडले तर माझ्या जागी कोण, आणि शेवटचा निर्णय घेताना माझ्यासोबत कोण असेल, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांना नावानिशी उत्तर मिळाले तर जबाबदारी घ्यावी; नसेल तर ती नावे ठरवून घेणे हेच आपले पहिले काम समजावे आणि ते झाल्यावर पहिल्या कुत्र्याची कागदपत्रे हातात घ्यावीत.