थंडीत गोव्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकताय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की मला फोन सुरू होतात. "दादा, चोवीस ते अठ्ठावीस येतोय, लाटा असतील ना?" मी विचारतो, सकाळी किती वाजता याल? पलीकडे जरा शांतता. मग हळूच, "दहा-साडेदहा चालेल?"

मी मूळचा आरोंद्याचा, तेरेखोल नदीच्या अलीकडचा, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूचा. बरीच वर्षं पेडणे तालुक्यात, आश्वे आणि मांद्र्याच्या वाळूवर, नवशिक्यांना फळीवर उभं करायचं काम करतोय. पावसाळ्यात इथला समुद्र नवशिक्याचा नसतोच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र खाली वाळू, उतार हलका, लाट बहुतेक दिवशी गुडघ्यापासून कमरेपर्यंत आणि पाणी 27-28 अंश. शिकायला याहून सोपी जागा शोधायला लांब जावं लागेल. आणि ती सोपी दिसते हेच माझं दुखणं आहे. दरवर्षी नवी माणसं येतात आणि गेल्या वर्षीच्याच चुका करतात.

दहा वाजता उगवणं

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनी घोकलेत. दोन मार्कांचा प्रश्न, शेजारी आकृती. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र ऊब धरून राहतो, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, तो खारा. थंडीत गोव्यातलं सर्फिंग एवढ्या दोन मार्कांवर चालतं.

मतलई समोरून येऊन लाटेला थोपवून धरतो. लाट उभी राहते, तिचं तोंड गुळगुळीत होतं, ती सावकाश फुटते. शिकणाऱ्याला फळीवर पाय ठेवायला तेवढे दोन क्षण जास्त मिळतात. अकरा-बाराच्या सुमाराला वायव्येकडून खारा सुरू झाला की पाण्यावर खडबड येते, लाटा मध्येच कोसळतात, फळी थरथरत राहते. दुपारी दोन ते चार तर विचारू नका.

वारा बघायला मी मोबाइल काढत नाही. आमच्या मागच्या झावळ्यांच्या खोपीत सकाळी पालापाचोळा जाळतात. धूर समुद्राकडे कलला असला की माझा वर्ग चालू. धूर सरळ वर जायला लागला की शेवटची पाच मिनिटं. माडांकडे वळला की फळ्या धुवायला घेतो, मग कोणी कितीही विनवण्या करो.

एक पुण्याचं जोडपं आलं होतं. पहिल्या दिवशी साडेअकराला, डोळे तांबारलेले. दीड तास दोघांनी खारं पाणी प्यायलं. वर नवऱ्याने मलाच ऐकवलं, "आज तुमच्या लाटांमध्ये काही दम नाही." दुसऱ्या दिवशी सव्वासातला बायको एकटीच आली. साडेआठपर्यंत चार वेळा उभी राहिली, एकदा तर थेट वाळूपर्यंत. साहेब झोपलेले होते. त्यांना अजूनही वाटत असेल की ती थापा मारते.

थंडी वाजते म्हणून उशिरा येणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो: जानेवारीत पहाटे हवा 20-21 अंशांवर असते आणि पाणी तिच्याहून सात अंश गरम. कुडकुडायला होतं ते बाहेर उभं राहून गप्पा मारताना. एक जण मुंबईहून जाड वेटसूट घेऊन आला होता. अर्ध्या तासात आतून उकडून निघाला.

लाटेची उंची वाचून बाकीचं सोडून देणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी. सकाळचा अंदाज होता लाट 1.1 मीटर, वारा जवळजवळ शून्य. आदले आठ दिवस समुद्र तळ्यासारखा पडून होता, मी कंटाळलेलो. 1.1 वाचलं आणि खूश झालो. त्याच ओळीत पुढे "7 सेकंद, वायव्य" लिहिलं होतं, ते डोळ्यांखालून गेलं पण डोक्यात गेलं नाही. दोन विद्यार्थी होते. एक कॉलेजचा पोरगा, एक चाळिशीचे गृहस्थ, पोहता येणारे, तब्येतीने दणकट.

किनाऱ्यावर रापणकार, म्हणजे काठावरून मोठं जाळं (रापण) ओढणारे मच्छीमार, नेहमीसारखे बसले होते, पण रापण टाकली नव्हती. त्यांच्यातले एक म्हातारे काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आज उदक धांवता रे." म्हणजे पाणी धावतंय. मी हसून हात केला आणि पुढे झालो. रापणकारांनी रापण टाकली नाही, याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

आकाश निळं, वारा नाही, आणि समुद्र मात्र अंगावर येत होता. दोन लाटांमध्ये दम खायला वेळच नाही. वीस मिनिटं मी त्या पोराच्या फळीला धरून ढकलत होतो. मान वर केली तर गृहस्थ जागेवर नाहीत. ते दक्षिणेला, पार खडकांच्या रोखाने गेले होते. त्यांना वाटत होतं आपण होतो तिथेच आहोत. समोर पाणी, मागे पाणी, फळी पायाला बांधलेली, माणसाला कळणार कसं? कळलं तेव्हा त्यांनी सगळे जण करतात तेच केलं. उलटं तोंड करून प्रवाहाविरुद्ध हात मारायला लागले आणि थकले.

पोराला वाळूत बसवून मी किनाऱ्याने पळालो. मी पोचायच्या आत लाटेने त्यांना खडकाच्या कडेला घासलं होतं. खडकांना कालवं चिकटलेली. नडगीवर ब्लेडने मारल्यासारख्या चिरा, फळीची एक फिन, म्हणजे खालचा पर, तुटलेली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सॉरी, तुमची फळी मोडली." मला कुठे तोंड लपवू असं झालं. पैसे अर्थातच घेतले नाहीत.

झालं काय होतं ते नंतर नीट समजून घेतलं. थंडीत इराणच्या आखातात आणि अरबस्तानात 'शमाल' नावाचे वायव्य वारे सुटतात. तिकडे उठलेल्या लाटा अरबी समुद्र ओलांडून दीड-दोन दिवसांत आपल्याकडे येतात. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी यावर अभ्यास केलाय. म्हणजे वादळ त्यांच्याकडे, लाटा आपल्याकडे, आणि आपल्या डोक्यावर लख्ख ऊन. या लाटा जवळजवळ येतात, सहा ते आठ सेकंदांच्या अंतराने. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. वायव्येची लाट त्यावर तिरकी आदळते आणि पाणी काठाकाठाने दक्षिणेला ढकलते. काकांचं 'उदक धांवता' ते हेच.

तेव्हा सेकंद आणि दिशा वाचा, उंची शेवटी. 0.6 मीटर आणि 12-13 सेकंद असेल तर लाटा ओळीने, ऐटीत येतात, आणि दोन्हींच्या मध्ये माणसाला श्वास घेता येतो. 1 मीटर आणि 6-7 सेकंद म्हणजे धुण्याच्या यंत्रात पडल्यासारखं. हैदराबादच्या इन्कॉइसचा समुद्रस्थितीचा अंदाज फुकट बघायला मिळतो, मोठ्या लाटांचे इशारेही ते देतात. मी आदल्या रात्री तो बघतो, पण त्यावर सही करत नाही.

सही करतो ती सकाळी वीस मिनिटं वाळूत बसल्यावर. बरोबर नारळाचं एक सोडण (वरचं साल) ठेवतो, ते कमरेइतक्या पाण्यात फेकतो आणि माझ्या पावलांनी मोजतो की पाच मिनिटांत ते किती सरकलं. तीस पावलांच्या वर गेलं तर नवशिक्याला फेसाच्या पुढे नेत नाही. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायला शिकवतो: पुढे खोपीचं टोक, मागे वाकडा माड. दर तिसऱ्या लाटेनंतर मान वर करून बघायचं. माड खोपीच्या बाजूला सरकला की पाण्यातून बाहेर या, वाळूवरून चालत परत या, पुन्हा आत जा. हे चालणं लोकांच्या जिवावर येतं. "दादा, पॅडल करून येतो ना." नाही. चाला.

ही वीस मिनिटं कोणालाच नको असतात. तासाचे पैसे भरलेत, मग बसायचं कशाला? म्हणून मी ती तासात धरत नाही. तरीही लोक फळीवर टकटक करत बसतात.

भरती-ओहोटी न बघणं

आमच्याकडे जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, नेमकी वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात बघावी, पण सहलीची तारीख ठरवायला कालनिर्णय पुरतं.

पूर्ण ओहोटीला लाट लांबवर, गुडघाभर पाण्यात फुटते. तिथे डोक्यावर पडलात तर वाळू सिमेंटसारखी लागते. माझ्या डाव्या खांद्याला विचारा. पूर्ण भरतीला, त्यातही उधाणाच्या, पाणी वरच्या चढावापर्यंत येतं आणि लाट थेट काठावर आपटते. मला आवडते ती चढती, अर्धी भरती. आता गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराची, म्हणजे सकाळी साडेसात ते साडेनऊ पाणी अर्ध्यावर आणि चढतं, आणि मतलई वारा चालू. दोन्ही एकाच वेळी हाताशी. अष्टमीच्या आसपास मात्र भरती उजाडायच्या आत होऊन जाते आणि सकाळभर पाणी उतरत राहतं. त्या दिवसांत मी वर्ग घेतो, पण फार आशा दाखवत नाही.

लोक लाँग वीकेंड बघून हॉटेल बुक करतात. चंद्र बघून करा, हॉटेल तेवढ्याच पैशांत मिळतं.

शांत पाणी दिसलं म्हणून तिथून उतरणं

दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये गडद, सपाट पट्टा. नवशिका बरोबर तिथेच जातो, कारण तिथे लाट तोंडावर येत नाही. येत नाही, कारण काठावर आलेलं पाणी तिथूनच परत समुद्रात जातंय. ती ओढ आहे. सापडलात तर फळी सोडू नका, तिच्यावर झोपा, काठाला समांतर आडवे निघा, फेस लागला की त्याच्याबरोबर बाहेर या. आणि हात वर करून हाक मारा. लाज वाटून गप्प बसणारे मी पाहिलेत. जीवरक्षक त्यासाठीच बसलेत, आणि त्यांनी लाल झेंडा लावला असेल तर माझ्याशी हुज्जत घालू नका.

बाकीच्या, थोडक्यात

सहा फुटी चकचकीत फळी भाड्याने घेणं. आठ-नऊ फुटांची फोमची घ्या, ती दिसायला बावळट असते आणि तुम्हाला उभं करते.

उघड्या अंगाने फळीवर घासत झोपणं. संध्याकाळी पोट सोललेलं असतं. लायक्राचा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला. सुती ओला होऊन लोंबतो.

उथळ पाण्यात पाय उचलून टाकणं. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, बसलेली असते. पाय घासत चाला, ती आपोआप निघून जाते. काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा आणि डॉक्टर गाठा.

जेलीफिश लागल्यावर वाळूने चोळणं. समुद्राच्याच पाण्याने धुवा.

मोरजीच्या दक्षिण टोकाला, शापोरा नदीच्या मुखापाशी "लाट बरी दिसते" म्हणून उतरणं. ओहोटीला नदी सगळं घेऊन बाहेर जाते.

मोरजीला, मांद्र्याला वाळूत काठ्या रोवून दोरी लावलेली दिसली तर तिथे फळ्या ठेवणं. आत कासवाची अंडी आहेत.

पहिल्या तासात रील काढणं. यावर मी बोलत नाही.

आणि रापणीच्या दोरात घुसणं. सकाळी दोन्ही टोकांना माणसं ओढायला उभी दिसली की मधलं सगळं पाणी त्यांचं, जाळं बाहेर येईपर्यंत आपण वाळूत. चिडचिड करत बसण्यापेक्षा उठून दोराला हात लावा. ते काका अजून येतात, ओढताना मागे वळून बघतात कोण ढिलाई करतंय. शेवटी जाळं फुटाफुटाने वर येतं, वाळूत तारले मासे उड्या मारत असतात, आणि हात लावलेल्या प्रत्येकाला पिशवीत मूठभर मिळतात.